शाळेच्या परसबागेतील घुशींचा बंदोबस्त

परसबागेतील वांग्याचे हिरवेगार रोप एके दिवशी उभेच्या उभे मान टाकते. शिक्षक त्यास पाणी देतात, कीड शोधतात, क्वचित एखाद्या खोडकर मुलास दरडावतातही. रोप ओढून पाहिले म्हणजे ते अलगद हाती येते आणि मुळ्या कुरतडलेल्या आढळतात. हे काम बहुधा घुशीचे असते. रताळी, भुईमूग, गाजर अशी जमिनीत पोसणारी पिके तर ती वरून काही कळू न देता फस्त करते.

घूस घरातील उंदराहून थोराड, आखूड तोंडाची व रात्री वावरणारी असते. तिच्या बिळापाशी भुसभुशीत मातीचा ढीग दिसतो. बिळास अनेक वाटा असून आत धान्य साठविण्याची कोठारे असतात. एका वेतास सहा-सात किंवा त्याहून अधिक पिले होतात. यास्तव एक-दोन घुशी मारून स्वस्थ बसण्यात अर्थ नाही.

प्रथम वस्तीचे बीळ कोणते, ते ओळखावे. सायंकाळी सर्व बिळांची तोंडे ओल्या मातीने लिंपावी आणि सकाळी कोणती उघडली ते पाहावे. मात्र येथे एक चकवा आहे. घूस पुष्कळदा आतूनच मातीने तोंड बुजवून घेते. म्हणून बंद दिसणारे बीळ ओसाड समजू नये. शेजारी ताजी, मोकळी माती असेल तर घूस आत आहे असेच धरावे. वरच्या वर्गातील मुलांकडून बागेचा नकाशा काढवून त्यावर रोजची बिळे मांडविल्यास परिसर-अभ्यासाचा उत्तम पाठ होतो. मात्र मुलांनी पाहावे, मोजावे, लिहावे. बिळात हात किंवा काठी घालू नये. घुशीच्या बिळात नाग शिरून बसलेला असू शकतो.

आता विषाविषयी. बाजारात मिळणारी झिंक फॉस्फाईडची काळपट भुकटी पिठात कालवून गोळ्या ठेवण्याचा प्रघात शेतावर आहे. शाळेत तो सर्वथा वर्ज्य मानावा. ही भुकटी पोटात गेल्यावर विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. गोळी घूसच खाईल, कोंबडी, कुत्रे अथवा पहिलीतील मूल खाणार नाही, याची हमी कोण देणार? शिवाय अर्धवट विष खाऊन वाचलेली घूस पुन्हा त्या आमिषास तोंड लावीत नाही. धान्यात ठेवण्याच्या गोळ्या बिळात टाकणे तर अधिकच घातक. त्यांतून तोच वायू निघतो व जमिनीच्या भेगांतून वर्गात शिरू शकतो.

शाळेस योग्य साधन म्हणजे पिंजरा. घूस भिंतीच्या व बांधाच्या कडेने धावते, म्हणून पिंजरा मोकळ्या जागी न ठेवता कडेलाच ठेवावा. पहिल्या दोन-तीन रात्री खटका न लावता भाकरीचा किंवा भज्याचा तुकडा आत ठेवावा. जनावराची भीड चेपली की मग खटका लावावा. पिंजरा मोठ्या माणसानेच हाताळावा आणि मेलेली घूस हातमोजे घालून खोल पुरावी. घुशीच्या मुताने दूषित झालेल्या ओल्या मातीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. पावसाळ्यात अनवाणी मुलांना वाफ्यात उतरवू नये. बागेत काम केलेल्या मुलास ताप आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन बागेतील कामाची माहिती डॉक्टरांस आवर्जून द्यावी.

बंदोबस्ताचा मोठा भाग मात्र पिंजऱ्यावाचूनच होतो. कुंपणाशी रचलेले दगड, सरपण, वाढलेले गवत हटवावे. पोषण आहाराचे खरकटे उघड्यावर टाकू नये. पैशाची सोय झाल्यास वाफ्यांभोवती अर्ध्या इंची जाळी दीड-दोन फूट जमिनीत पुरावी. धामण व घुबड दिसल्यास त्यांना मारू देऊ नये. गावात ह्या दोघांविषयी भय फार, पण घुशींचा संहार तेच करतात.

खरीप निघाला की शेतातील घुशी अन्नाच्या शोधात वस्तीकडे सरकतात, तेव्हा लगतच्या शेतकऱ्यांस सांगून बांध व बाग एकाच आठवड्यात तपासावी. केवळ शाळेने घुशी धरल्यास रिकाम्या बिळांत शेजारच्या येऊन राहतात. खरी अडचण उन्हाळी सुट्टीची. बाग महिनाभर कोणी पाहत नाही आणि जूनमध्ये वाफे पोखरलेले आढळतात. सुट्टीपूर्वी कंदपिके काढून घ्यावी, जुनी बिळे खणून बुजवावी आणि आठवड्यातून एकदा फेरी मारण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीतील शेजारी राहणाऱ्या एखाद्या पालकाकडे सोपवावे.