दुधाचा खाडा आणि निळा ठिपका

पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीत दिवस सुरू होतो तो एका प्रश्नाने: आज पाणी आहे का? शहरात नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि हा प्रश्न घरोघरी रुळला. उत्तरासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायचं. तिथे दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, बाबांची नाइट शिफ्टही असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल द्यायला ही जागा उत्तम आहे.

आधी मोजणं. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला पाच वाट्या मोजायला सांगा. एखादी वाटी दोनदा मोजली जाते, एखादी सुटते. मोजून झाल्यावर ‘मग वाट्या किती?’ असं विचारलं, की काही मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. त्यांना रागावू नका. रोज जेवणाची ताटं मांडू द्या. माणूस एक, ताट एक.

मराठी आकड्यांची वेगळी अडचण आहे. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो, लिहिताना दोन. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला. घरी रोज तारीख वाचली, की ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी, हे कॅलेंडरच दाखवतं.

मग नोंद. पाणी आलं तर निळा ठिपका, नाही आलं तर फुली. फुली हवीच. चौकोन कोरा राहिला तर पाणी आलं नाही, की लिहायचं राहिलं, हे आठवड्याने कोण सांगणार? ‘नाही’ हीसुद्धा माहिती असते, ती लिहावी लागते, हा माहिती गोळा करण्यातला सगळ्यात मोलाचा धडा. महिनाअखेरीस ठिपके आणि फुल्या यांच्यासाठी बाटल्यांच्या झाकणांच्या दोन ओळी शेजारी-शेजारी लावा. कोणती ओळ लांब, हे मूल न मोजताही सांगेल. कितीने लांब, ते मोजून सांगेल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलांच्या भोवती सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच शिक्षणाचं साधन केलं. आपल्या स्वयंपाकघरातही ती साधनं आहेत.

एक मात्र करा. मुलाने मोजलेले खाडे हिशोबात खरोखर धरा. जूनचे दिवस ३०, खाडे ४, म्हणजे दूध २६ दिवसांचं. तेवढेच पैसे दूधवाल्याच्या हातात मुलासमोर द्या. पुढच्या महिन्यात खाडा लिहायची आठवण मूलच तुम्हाला करून देईल.