नौकेचं आयुष्य कोठारात ठरतं

युद्धनौका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तोफा आणि क्षेपणास्त्रं येतात. पण ती नौका किती वर्षं कामाची राहील, हे बरंचसं ठरतं ते सुट्या भागांच्या कोठारात. यंत्रशास्त्र शिकवताना हे पटवून द्यायला मी एक घरचंच उदाहरण घेत असे. ते म्हणजे मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘गोदावरी’ वर्गाच्या फ्रिगेटचं.

या गोदीनं आधी ब्रिटिश ‘लिअँडर’ आराखड्यावरून ‘निलगिरी’ वर्गाच्या सहा फ्रिगेट बांधल्या होत्या. पहिली नौदलात आली १९७२ मध्ये. पुढे नौदलाला अधिक मोठी, क्षेपणास्त्रं वाहणारी आणि दोन हेलिकॉप्टर ठेवता येतील अशी नौका हवी होती. आपल्या आरेखकांनी वाफेवर चालणारी जुनी यंत्रणा कायम ठेवली आणि नौकेची लांबी ११३ मीटरवरून १२६ मीटरवर नेली. ‘गोदावरी’ १९८३ मध्ये, ‘गंगा’ १९८५ मध्ये आणि ‘गोमती’ १९८८ मध्ये दाखल झाली.

या नौकांवर तीन घराणी एकत्र नांदत होती. इंजिनाचं कूळ ब्रिटिश, क्षेपणास्त्रं नि तोफा सोव्हिएत, तर पाण्याखालच्या पाणबुडीचा माग काढणारं सोनार भारतीय. हा संसार चालला आणि चांगला चालला. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधला उठाव फसल्यावर ओलिसांना घेऊन पळणारं ‘प्रोग्रेस लाइट’ जहाज अडवण्यात ‘गोदावरी’चाही वाटा होता.

पण या संसाराचा खर्च कोठारावर पडतो. ब्रिटिश आराखडा इंचाच्या मापाचा, सोव्हिएत यंत्रं मिलिमीटरची. एकाचा पाना दुसऱ्याच्या नटाला लागत नाही. विजेचा दाब वेगळा, वारंवारताही वेगळी. म्हणजे प्रत्येक घराण्यासाठी वेगळे भाग, वेगळी हत्यारं आणि वेगळ्या पुस्तिका आल्या.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला, आणि भाग बनवणारे कारखाने रातोरात वेगवेगळ्या देशांत गेले. पूर्वी एका सरकारशी बोलून होणारं काम आता अनेक दारं ठोठावून करावं लागलं. पुरवठा रखडला.

अशा वेळी मार्ग तीनच असतात. मोठा साठा आधीच करून ठेवायचा. पण रबरी सील कपाटात पडूनही कडक होतं. गोदीत दुरुस्तीला आलेल्या नौकेचा भाग काढून समुद्रावर निघालेल्या नौकेला लावायचा. पण त्यानं एक भोक बुजतं आणि दुसरं पडतं. तिसरा मार्ग म्हणजे तो भाग आपणच बनवायचा. हे दिसतं तितकं सोपं नाही. माप घेता येतं, पण धातूत काय मिसळलं, त्याला किती तापवून कसं थंड केलं, हे नुसतं पाहून कळत नाही. ते तपासून शोधावं लागतं. वेळ लागतो, पण शिकलेलं आपल्याजवळ राहतं.

‘गोदावरी’ २०१५ मध्ये, ‘गंगा’ २०१८ मध्ये आणि ‘गोमती’ २०२२ मध्ये निवृत्त झाली. तिघींनीही तीस वर्षांहून अधिक सेवा केली. म्हणून नव्या नौकेची बातमी वाचताना मी तिचा वेग आणि मारा पाहतोच, पण आणखी एक गोष्ट शोधतो : तिच्या पंपाचं सील वीस वर्षांनी कोण बनवून देणार आहे? तुम्हीही शोधून पाहा.