परदेशची वीज आणि घरची उपकरणे

सिकंदराबाद ही मुळातच येण्याजाण्याची नगरी. छावणी आणि रेल्वे यांच्यामुळे येथे ठिकठिकाणची माणसे येऊन वसली; त्यांत मराठी कुटुंबेही होती. आता त्याच कुटुंबांतील मुलेमुली शमशाबादच्या विमानतळावरून अमेरिकेला, इंग्लंडला वा आखाती देशांत जातात आणि मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी आईवडीलही त्यांच्यामागून काही महिने जाऊन राहतात. लोणच्याच्या बरण्यांबरोबर मिक्सर, इस्त्री अशा चार वस्तू सामानात बांधल्या जातात. लोणचे कोणत्याही देशात लोणचेच राहते. विजेच्या उपकरणाचे मात्र तसे नाही. ते ज्या देशाच्या विजेसाठी बनविलेले असते, त्या विजेशी त्याचे नाते जडलेले असते.

हे नाते दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट विजेचा दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. भारतात आणि इंग्लंडमध्ये घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरतात, तर अमेरिकेत १२० व्होल्ट. दुसरी गोष्ट म्हणजे प्रवाह एका सेकंदात किती आवर्तने पुरी करतो ती. भारतात ती ५०, अमेरिकेत ६०. हा भेद कोणी मुद्दाम योजून केलेला नव्हे. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथे सुमारे ११० व्होल्टची वीज घरोघर दिली आणि अमेरिका त्याच वाटेने पुढे गेली. युरोपने पुढे दुप्पट दाब पत्करला. जपानात तर एकाच देशात दोन प्रकार नांदतात. टोकियोने जर्मन यंत्रे आणली म्हणून पूर्वेकडे ५० आवर्तने, ओसाकाने अमेरिकन यंत्रे घेतली म्हणून पश्चिमेकडे ६०.

दाब बदलला म्हणजे काय होते, हे इस्त्रीच्या उदाहरणावरून चटकन समजेल. तापणाऱ्या उपकरणात दाब दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. आपली १,००० वॅटची इस्त्री अमेरिकेत लावली, तर ती जेमतेम २७० वॅट उष्णता देईल. कपड्यांच्या सुरकुत्या तशाच राहतील, पण इजा होणार नाही. याच्या उलट, अमेरिकेतून आणलेली १,००० वॅटची इस्त्री सिकंदराबादच्या घरात जोडली, तर ती सुमारे ३,६७० वॅट शक्ती ओढू लागेल. काही क्षणांत तिची तार वितळेल, किंवा जवळचे कापड पेट घेईल. यास्तव परदेशी जातानापेक्षा परदेशाहून वस्तू आणताना अधिक सावध राहावयास हवे.

मिक्सरची गोष्ट निराळी. कमी दाबावर त्याची मोटर मंद फिरते. भिजवलेले तांदूळ आणि उडीद डाळ भांड्यात पडताच ती अडते, आणि अडलेली मोटर आतल्या आत तापते. यावर ट्रान्सफॉर्मर हा उपाय खरा. परंतु तो उपकरणापेक्षा मोठ्या शक्तीचा हवा. ७५० वॅटच्या मिक्सरला सुमारे दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. शिवाय ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तने बदलत नाही. आवर्तनांवर चालणारे अमेरिकन घड्याळ भारतात दर तासाला दहा मिनिटे मागे पडेल. मग त्याला कितीही उत्तम ट्रान्सफॉर्मर जोडा. तीच अडचण साध्या रेफ्रिजरेटरच्या मोटरची. म्हणून अमेरिकेसाठीच बनविलेला मिक्सर विकत घेणे हे पुष्कळदा अधिक सोपे आणि स्वस्त पडते.

येथेच एक मोठा गैरसमज घात करतो. राणीगंजच्या दुकानात मिळणारा पिना बदलणारा जोड म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे. तो केवळ आपल्या गोल पिना परक्या छिद्रांत बसवून देतो. दाबाला तो हातही लावीत नाही. पिना बसल्या म्हणजे वीजही जुळली, असे मानणे म्हणजे किल्ली कुलपात शिरली म्हणून घर आपलेच झाले असे समजण्यासारखे आहे. खरा निर्णय उपकरणाच्या नामपट्टीवर लिहिलेला असतो. तेथे ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६०’ असे असेल, तर ते उपकरण बहुतेक सर्वत्र चालेल. मोबाइलचे आणि संगणकाचे चार्जर बहुधा असेच असतात. तेथे एकच आकडा असेल, तर तो आकडा पाळलाच पाहिजे.

तिसऱ्या पिनेविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ती भूमीशी जोडलेली असते. उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर ती माणसाच्या देहातून न जाता या वाटेने निघून जावी, हा तिचा हेतू. दोनच पिनांचा जोड लावला की ही वाट बंद होते. दुबई, कुवेत आदी ठिकाणी इंग्रजी पद्धतीचे सॉकेट असतात. लहान मुलांनी छिद्रांत बोट वा तार घालू नये म्हणून त्यांत झडप असते आणि लांब तिसऱ्या पिनेनेच ती उघडते. पेनाच्या टोकाने झडप दाबून दोन पिना आत ढकलण्याची सवय तेथे पुष्कळांना जडते. ती सोडून द्यावी, कारण मुलांच्या रक्षणाची ती व्यवस्था आपणच मोडीत असतो.

सवयीही देशाबरोबर बदलाव्या लागतात. आपल्याकडे बटण खाली केले की दिवा लागतो, अमेरिकेत वर केले की लागतो. तेथील पुष्कळ स्वयंपाकघरांत भांडी घासण्याच्या मोरीखाली उष्टे-खरकटे दळणारे यंत्र असते. बटण वर आहे म्हणजे यंत्र बंद आहे, असे समजून मोरीच्या भोकात हात घालणे फार धोक्याचे. तेथे भिंतीवरच्या सॉकेटला बहुधा बटण नसते. इस्त्री बंद करायची तर प्लगच काढावा लागतो. न्हाणीघरातील सॉकेटवर दोन छोटी बटणे दिसतील. किंचित वीज गळली तरी तो प्रवाह तोडतो. मग ‘सॉकेट बिघडले’ म्हणून दुसऱ्या खोलीतून तार ओढून आणू नये. आधी उपकरण काढावे, ते ओले वा सदोष नाही ना हे पाहावे, आणि नंतर ‘रीसेट’चे बटण दाबावे. पाणी तापविण्याचा इमर्शन रॉड तर घरीच ठेवलेला बरा.

मुले कामावर गेली म्हणजे दिवसभर परक्या घरात वडील मंडळी आणि तान्हे मूलच असते. म्हणून पोचल्यावर पहिल्याच दिवशी घराचा मुख्य वीजखटका कोठे आहे हे विचारून घ्यावे आणि तो बंद करून पाहावा. विजेमुळे आग लागली, तर पाणी टाकू नये. शक्य असल्यास खटका बंद करावा, मुलाला घेऊन बाहेर पडावे आणि मदत बोलवावी. अमेरिकेत तो क्रमांक ९११, इंग्लंडमध्ये ९९९. हे आकडे आणि घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळ लावून ठेवावा. घाईच्या वेळी परकी भाषा आठवत नाही. समोर लिहिलेले मात्र वाचता येते.