संगणकाची नाडी

मुलांनो, संगणक 'हँग' होतो तेव्हा काय होते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पडद्यावरचे चित्र जसेच्या तसे राहते. माउस हलवला तरी बाण हलत नाही. कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. यालाच संगणक गोठणे असे म्हणतात. शेवटी आपण बटण दाबून तो बंद करतो. पुन्हा सुरू केला की तो थोडा वेळ नीट चालतो आणि पुन्हा गोठतो.

समजा, असा संगणक तुमच्या मीरा रोडच्या घरी आहे. आपा त्यावर कॉलेजचे काम करते, अब्बा दुकानाची बिले तयार करतात. तो गोठू लागला की शेजारी म्हणतात, "विंडोज पुन्हा टाका." दुरुस्तीवाला म्हणतो, "मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या." नवा संगणक म्हणजे घरखर्चाला मोठा फटका. दोष मात्र कदाचित बोटभर लांबीच्या एखाद्या पट्टीत असतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी दोष कोठे आहे, ते शोधले पाहिजे.

त्याही आधी एक काम करा. बिले, फोटो, अभ्यासाचे लेखन, जे जे महत्त्वाचे असेल ते पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. संगणकाचा सुटा भाग बाजारात मिळतो, हरवलेला हिशेब मिळत नाही.

हकीमसाहेब औषध देण्यापूर्वी नाडी पाहतात आणि प्रश्न विचारतात. ताप कधी येतो? जेवणानंतर की रात्री? संगणकालाही असेच प्रश्न विचारा आणि उत्तरे एका वहीत लिहा. तो किती मिनिटांनी गोठला? तेव्हा काय चालू होते? ही वही फार उपयोगी असते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ९ सप्टेंबर १९४७ रोजी 'मार्क टू' नावाच्या प्रचंड संगणकात बिघाड झाला. शोध घेतल्यावर आतल्या एका रिलेमध्ये चक्क एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो पतंग नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेवला. ते पान आजही अमेरिकेतील संग्रहालयात जपून ठेवले आहे.

आता नोंदींवरून काय कळते ते पाहू. इमारतीचा पाण्याचा पंप सुरू होताना घरातले दिवे मंद होतात आणि त्याच क्षणी संगणक गोठतो, असे वारंवार घडत असेल तर वीजपुरवठ्यावर संशय घ्या. फाइल उघडताना कटकट असा आवाज येऊन सगळे थांबत असेल, तर हार्ड डिस्कवर. सुरुवातीची वीस मिनिटे ठीक आणि मग हमखास बिघाड, असे असेल तर उष्णतेवर. काहीच नियम दिसत नसेल तर मेमरीवर, म्हणजे रॅमवर. हे सगळे फक्त संशय आहेत. पुरावा अजून मिळवायचा आहे.

दोष विंडोजचा की यंत्राचा, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ टू यांसारखी कळ दाबली की बायॉसचा पडदा उघडतो. तेव्हा विंडोज सुरूच झालेले नसते. संगणक तेथेही गोठला, तर विंडोज पुन्हा टाकून काही उपयोग नाही. तेथे गोठला नाही, तरी यंत्र निर्दोष ठरत नाही, कारण तेव्हा यंत्राला फारसे काम नसते. याच पडद्यावर बहुतेक संगणकांत प्रोसेसरचे तापमान दिसते. नुसते बसल्या बसल्या ते चढतच राहिले, तर पंखा फिरतो का आणि त्याखाली धूळ साचली आहे का, ते बघा.

आत हात घालायचा असेल तर घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. आधी प्लग काढा. मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. पेटीच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांवर जाणार नाही. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असते.

आता रॅम तपासू. समजा, तुमच्या संगणकात रॅमच्या दोन पट्ट्या आहेत. एक पट्टी काढा आणि दुसरीवर संगणक चालवा. मग अदलाबदल करा. पहिली पट्टी असताना तो गोठतो आणि दुसरी असताना गोठत नाही, तर पहिली सदोष असावी. पण थांबा, दोष खाचेचाही असू शकतो! म्हणून तीच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवून पाहा. तेथेही गोठला, तर दोष पट्टीचा. दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत त्रास देत असतील, तर दोष खाचेचा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. पट्टी बदलली, वायर बदलली आणि विंडोजही नवे टाकले, तर संगणक बरा झाला तरी दुखणे कोणते होते ते कळत नाही. पुष्कळ दुरुस्तीवाले घाईत हेच करतात, आणि बिल मात्र तिन्ही गोष्टींचे येते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मीरा-भाईंदरच्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि आसपास मिठागरे. हवा दमट आणि खारट. पावसाळ्यात पट्टीच्या सोनेरी टोकांवर मळाचा पातळ थर बसतो आणि वीज नीट वाहत नाही. स्वच्छ, मऊ खोडरबराने ती टोके हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि पट्टी घट्ट बसवा. अनेकदा संगणक एवढ्यानेच सुधारतो. मग रात्रभर मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवा. विंडोजमध्ये असा प्रोग्राम असतोच. त्यात एक चूक निघाली, तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

दोन्ही पट्ट्या चांगल्या निघाल्या, तर एखाद्या नातेवाइकाचा चांगला वीजपुरवठा तात्पुरता लावून पाहा. आतून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट वीज स्थिर मिळावी लागते. ती डळमळली की चांगले भागही चुकू लागतात. मदरबोर्डवर डोक्याकडून फुगलेले लहान नळकांडे दिसले, तर तो कपॅसिटर बिघडला आहे, असे समजा. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर असंख्य मदरबोर्ड याच कारणाने निकामी झाले होते. मदरबोर्डला दोष द्यायचाच असेल, तर तो शेवटी द्या. त्याच्याजागी दुसरा लावून पाहणे सर्वांत कठीण असते.

दोष पट्टीचाच ठरला, तर जुनी पट्टी सोबत घेऊनच लॅमिंग्टन रोडला जा. मीरा रोडहून धीमी लोकल धरून ग्रँट रोडला उतरले की हा बाजार जवळच आहे. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या पट्ट्या दिसायला सारख्या असतात, पण त्यांची खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दुकानदाराकडून बिल घ्या, आणि बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे, ते त्यावर लिहून घ्या. घरी आल्यावर मेमरीची तपासणी पुन्हा रात्रभर चालवा. नव्या पट्ट्याही कधी कधी सदोष निघतात.