एकाच गुडघ्यावर दोन कामे

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जत्रेतले किंवा गणपतीतले कबड्डी सामने पाहायला उभे राहा. प्रत्येक संघात एक गडी असा असतो, की सामना सुरू होण्याआधीच प्रेक्षक त्याचे नाव घेतात. चढाईला जातो तोच आणि समोरचा गडी आत आला की कोपऱ्यात दबा धरून त्याचा घोटा पकडतो तोही तोच. संघ अडचणीत आला की सगळे त्याच्याकडे पाहतात. अशा खेळाडूला आपण अष्टपैलू म्हणतो. तीन-चार वर्षांनी पुन्हा गेलात, तर कधी कधी हाच गडी मैदानाबाहेर खुर्चीवर बसून गुण लिहिताना दिसतो. विचारले की उत्तर दोनच शब्दांचे असते : गुडघा गेला.

गुडघा ‘जातो’ म्हणजे नेमके काय होते, दोन्ही कामे करणाऱ्यालाच त्याचा धोका जास्त का आणि तो वाचवायचा कसा, हे खेळाडूइतकेच त्याच्या घरच्यांनीही समजून घ्यायला हवे.

मोठ्या मैदानावरही तीच गोष्ट

आपल्या राज्यातले ताजे उदाहरण अस्लम इनामदार याचे. अहिल्यानगर जिल्ह्यातला हा खेळाडू पुणेरी पलटण संघाचा. चढाईत गुण आणतोच, शिवाय पकडीतही उतरतो. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात, डिसेंबर २०२२ मध्ये, त्याचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला, पण दुखापतीमुळे अस्लम त्या सामन्यात खेळू शकला नाही. पलटण हरली. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. १ मार्च २०२४ रोजी त्याच्याच नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले आणि हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडूही तोच ठरला. लगेच पुढच्या, म्हणजे अकराव्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने त्याला मध्येच बाहेर बसावे लागले. २०२५ च्या बाराव्या हंगामात तो पुन्हा कर्णधार म्हणून मॅटवर आला आणि त्याच्या संघाने अंतिम फेरी गाठली.

पवन सेहरावतचे उदाहरणही कबड्डीप्रेमींना आठवत असेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन कोटी २६ लाख रुपयांची विक्रमी बोली लागलेला हा चढाईपटू तमिळ थलायवाजकडून पहिलाच सामना खेळत होता. त्याचा गुडघा दुखावला, आणि तोही चढाईत नव्हे, तर समोरच्या गड्याला पकडायला जाताना. तो संपूर्ण हंगाम त्याला मुकावा लागला. पुरेशी विश्रांती आणि सराव करून तो परतला आणि २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार झाला.

तिकडे अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्येही असा दुहेरी कामाचा खेळाडू असतो. हा फुटबॉल आपला नव्हे. हातात अंडाकृती चेंडू घेऊन खेळायचा, धडकाधडकीचा खेळ. त्यात संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. त्याचे काम मुख्यतः चेंडू लांब फेकून सहकाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे. पण काही क्वार्टरबॅक चेंडू फेकतात आणि संधी दिसली तर स्वतःच चेंडू घेऊन पळतात. बचाव करणाऱ्यांना कळतच नाही, आता हा फेकणार की पळणार.

रॉबर्ट ग्रिफिन हा असाच खेळाडू. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या संघातून पदार्पणाच्या हंगामातच त्याने फेकीतून ३,२०० यार्ड आणि स्वतः धावून ८१५ यार्ड अंतर मिळवून दिले. महाविद्यालयात असताना २००९ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच गुडघ्याला मार बसला. पट्टा बांधून तो खेळत राहिला. ६ जानेवारी २०१३ च्या बाद फेरीतल्या सामन्यात तो लंगडताना सर्वांना दिसत होता, पण आपण खेळू शकतो असे त्याने प्रशिक्षकाला सांगितले. शेवटच्या टप्प्यात जमिनीवर घरंगळलेला चेंडू घ्यायला तो वळला आणि गुडघा वाकडा होऊन तो खाली कोसळला. त्या क्षणी त्याला कोणी हातही लावला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर आठच महिन्यांत तो मैदानावर आला. मात्र पहिल्या हंगामातली ती धाव पुन्हा कधी दिसली नाही.

गुडघ्यातली आडवी-तिरपी दोरी

गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकलेले असते. खोबणी उथळ असल्याने ही दोन हाडे जागेवर ठेवण्याचे काम चार मुख्य अस्थिबंध करतात. दोन बाजूंना दोन, आणि सांध्याच्या आत एकमेकांना छेद देणारे दोन. आतल्या पुढच्या अस्थिबंधाला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात. करंगळीएवढ्या जाडीची ही दोरी नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि गुडघा जास्त पिळू देत नाही.

सरळ चालताना, शेतात काम करताना तिच्यावर फार ताण येत नाही. तिची परीक्षा होते ती वेगात धावताना एकदम थांबल्यावर, पाय रोवून अंग वळवल्यावर, किंवा उडी मारून एका पायावर उतरल्यावर. त्यात गुडघा आतल्या बाजूला झुकला तर दोरी तुटते. धावण्या-उडण्याच्या खेळांत अशा निम्म्याहून जास्त दुखापती कोणाचाही धक्का न लागता होतात.

हे घडायला किती वेळ लागतो? दुखापतींच्या चित्रफिती तपासणाऱ्या संशोधकांना आढळले, की पाय जमिनीला टेकल्यानंतर सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागात एसीएलवर तुटण्याएवढा ताण येतो. स्नायूंना ‘आता सावर’ असा निरोप मिळून त्यांनी जोर लावेपर्यंत खेळ संपलेला असतो. म्हणून ‘सावध राहा’ या सल्ल्याचा इथे उपयोग नसतो. पाय टेकण्याआधीच स्नायू योग्य तऱ्हेने आवळलेले असावे लागतात, आणि ते सवयीनेच जमते.

दोन कामांचा दुहेरी ताण

चढाईपटू पुढे चवड्यांवर नाचत असतो. कुठे वळायचे, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. धोका असतो तो परतताना, मध्यरेषेकडे झेप घेण्यासाठी एका पायावर गर्रकन वळताना. पकड करणाऱ्याचे उलट असते. त्याला समोरच्याच्या हालचालीवर उडी घ्यावी लागते, आणि साखळीतल्या सहकाऱ्यांचे व चढाईपटूचे मिळून दोन-तीन जणांचे वजन बाजूने त्याच्या रोवलेल्या पायावर येऊ शकते.

प्रयोगशाळेत दोन प्रकारे वळणाऱ्या खेळाडूंच्या गुडघ्यावरचा ताण मोजला गेला आहे : आधीच ठरवून वळणारे आणि ऐनवेळी इशारा मिळाल्यावर वळणारे. ऐनवेळच्या वळणात गुडघ्याला पिळणारा ताण बराच जास्त भरतो, कारण अंगाला तयारीला वेळच मिळालेला नसतो. अष्टपैलू खेळाडूच्या वाट्याला दोन्ही प्रकारचे धोके येतात आणि विश्रांती मात्र सर्वांत कमी. तीस सेकंदांची चढाई करून आला, की पुढच्या तीस सेकंदांत तो बचावात उभा. थकलेली मांडी गुडघ्याला आत झुकण्यापासून रोखू शकत नाही. गावच्या स्पर्धेत तर एका रात्रीत दोन-तीन सामने होतात. जो गडी सर्वांत जास्त थकलेला असतो, शेवटच्या निर्णायक चढाईला त्यालाच पाठवले जाते.

त्यात मैदानाचीही भर पडते. मातीवर अनवाणी खेळताना पाय थोडा घसरतो आणि ताण मोकळा होतो. मॅटवर बुटाचा तळ चिकटून बसतो. वरचे अंग वळते, पाय वळत नाही. वर्षभर मातीवर सराव करून थेट मॅटवर सामना खेळणाऱ्या मुलांनी म्हणूनच आधी काही आठवडे मॅटवर सराव करायला हवा. मुलींना ही दुखापत होण्याची शक्यता मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट असते. शाळेच्या मुलींच्या संघासाठी ही खबरदारी आणखी गरजेची.

हळदीचा लेप आणि त्याची मर्यादा

दोरी तुटते तेव्हा ‘कट्’ असा आवाज आल्याचे अनेक खेळाडू सांगतात. दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजतो, कारण आत रक्त साचते. आपला जिल्हा हळदीचा. वसमत, हिंगोलीची हळद देशभर जाते. साहजिकच पहिला उपाय घरातलाच होतो : गरम हळदीचा लेप. सोबत हाडवैद्याकडून चोळून घेणे. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, गडी चालू लागतो आणि घरच्यांना वाटते, मुरगळला होता, बरा झाला.

फसगत इथेच होते. सूज लेपाशिवायही उतरतेच. तुटलेला एसीएल मात्र सहसा आपोआप पूर्ववत जुळत नाही. सांध्यातल्या द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि जखम भरण्याची सुरुवात तर त्या गुठळीपासून होते. सरळ चालताना काही जाणवत नाही. पण वळताना, पायऱ्या उतरताना गुडघा दगा देतो. अशा गुडघ्यावर पुन्हा खेळत राहिले, की दोन हाडांमधली गादी फाटते, आणि चाळिशीच्या आतच गुडघ्याची झीज सुरू होऊ शकते. शेतात राबणाऱ्या, मजुरी करणाऱ्या माणसाचा हा पोटापाण्याचा प्रश्न होतो.

म्हणून दुखापतीनंतर खेळ तिथेच थांबवायचा. पहिले दोन-तीन दिवस बर्फ कापडात गुंडाळून शेकायचे, पट्टी बांधायची, पाय उंच ठेवायचा. चोळायचे नाही, गरम शेक द्यायचा नाही. आठवड्याच्या आत अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायचे. हाताने केलेल्या तपासणीतच डॉक्टरांना बरीच कल्पना येते. गरज पडली तर एमआरआय करतात. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. खेळ सोडलेल्या माणसाचा गुडघा व्यायामाने सावरू शकतो. ज्याला पुन्हा वळणाचे, झेपेचे खेळ खेळायचे आहेत, त्याला बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. खर्चाची चिंता असेल तर सरकारी रुग्णालयात आणि योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी.

नऊ महिन्यांचा धीर

शस्त्रक्रियेत तुटलेली दोरी शिवत नाहीत. बहुतेक वेळा खेळाडूच्याच शरीरातला स्नायुबंध काढून तिथे बसवतात. हा नवा धागा सुरुवातीच्या काही महिन्यांत उलट कमजोर होतो, मग हळूहळू त्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि तो अस्थिबंधासारखा घट्ट होतो. गडबड अशी, की धागा कच्चा असतानाच खेळाडूला बरे वाटू लागते. दुखत नाही, पळता येते, आणि जत्रा तोंडावर आलेली असते.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंच्या एका अभ्यासात दिसले, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने पुढे ढकलले, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. नुसती तारीख पाहूनही भागत नाही. दुखऱ्या पायाच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी, आणि एका पायावर मारलेली उडी दोन्ही पायांनी जवळपास सारख्याच अंतरावर पडायला हवी. ही तपासणी गावच्या मैदानावर टेप लावूनही करून पाहता येते. अंतिम परवानगी मात्र डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टचीच.

सामन्याआधीची वीस मिनिटे

या दुखापतीतला बराच भाग टाळता येतो. हलके धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून मऊ उतरणे आणि शेवटी वळण्याचा सराव. असा १५ ते २० मिनिटांचा क्रम आठवड्यातून दोन-तीनदा नियमित करणाऱ्या संघांमध्ये एसीएलच्या दुखापती साधारण निम्म्याने कमी झाल्याचे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. उडीवरून उतरताना गुडघे आत झुकतात का, हे पाहायला मोबाइलवर समोरून काढलेला व्हिडिओ पुरतो.

बाकीचे आयोजकांच्या आणि संघाच्या हातात आहे. एका संघाला एका रात्रीत सलग सामने देऊ नयेत. लंगडणाऱ्या गड्याला, तो कितीही ‘ठीक आहे’ म्हणाला तरी, बाहेर बसवावे. आणि संघात पकडीचा आणखी एक, चढाईचा आणखी एक गडी तयार करावा, म्हणजे अष्टपैलू खेळाडूला मधूनमधून श्वास घेता येईल.