मतं कशी मोजतात?

निवडणूक झाली की गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "गुलाल कुणाचा?" पण गुलालाच्या आधी मतं मोजावी लागतात. ती कशी मोजतात हे आमच्या वर्गात पुष्कळांना माहीत नाही. माझे काका एकदा एका उमेदवाराचे मतमोजणी प्रतिनिधी होते. त्यांना आणि गुरुजींना विचारून मी ही माहिती लिहिली आहे.

ग्रामपंचायतीची मतं गावात मोजत नाहीत. मतदान संपलं की मशीन बंद करून सील करतात आणि तालुक्याला नेतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. २०२१ साली महाराष्ट्रात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर झाली होती. १५ जानेवारीला मतदान झालं आणि आपल्याकडे १८ जानेवारीला मोजणी झाली.

मोजणीच्या जागी टेबलं मांडलेली असतात. लाऊडस्पीकरवर गावाचं नाव पुकारतात. त्या गावाचे उमेदवार आणि प्रतिनिधी तेवढे आत जातात, बाकीची माणसं बाहेर उन्हात उभी. अगोदर टपालाची मतं असली तर ती मोजतात. मग मशीन आणतात. सील फुटलेलं नाही ना, मशीनचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो ना, हे प्रतिनिधी बघतात. मग निकालाचं बटण दाबतात. मशीन एकेका उमेदवाराचा आकडा दाखवतं आणि सगळे आपापल्या वहीत लिहून घेतात. काका म्हणाले, त्या वेळी कुणी शिंकत पण नाही!

आता खरी गोष्ट बेरजेची आहे. समजा ४१२ माणसांनी मतदान केलं. एका जागेच्या सगळ्या उमेदवारांची मतं आणि नोटाची मतं मिळवली, तर बेरीज ४१२ च्या पुढे जाता कामा नये. गेली तर कुठंतरी घोळ आहे. एका प्रभागात दोन-तीन जागा असतात, म्हणून प्रत्येक जागेची बेरीज वेगळी करायची.

पूर्वी कागदाच्या मतपत्रिका होत्या. पेटी टेबलावर ओतायची, चिन्हाप्रमाणे गठ्ठे करायचे. शिक्का दोन चिन्हांवर पडला की मत बाद. आजोबा सांगतात, बाद मतावरून लई भांडणं व्हायची. तरी कागद डोळ्यांना दिसायचा, मशीनच्या पोटातलं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनाही अशी शंका आली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा निकाल लागला, तेव्हा गावाचे आकडे तिथल्या अनेकांना पटले नाहीत. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला आपणच कागदावर मतदान घ्यायचं ठरवलं. अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही, जमावबंदी लावली, म्हणून ते झालं नाही. निवडणूक आयोग म्हणतो, मशीन इंटरनेटला किंवा दुसऱ्या कशाला जोडलेलं नसतं. विधानसभेला मशीनशेजारी चिठ्ठी दाखवणारी पेटी असते. ग्रामपंचायतीच्या मतदानाला ती लावत नाहीत. मला वाटतं लावावी, कारण गावात चार-पाच मतांनी सुद्धा माणूस पडतो.

एखाद्याला मोजणी पटली नाही तर कारण लिहून फेरमोजणी मागता येते. ती द्यायची की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतात. आणि दोघांना सारखीच मतं पडली तर? तर चिठ्ठी टाकतात! २०१७ साली मुंबई महानगरपालिकेत अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर या दोघांना ५,९४६ अशी सारखीच मतं पडली. चिठ्ठी एका लहान मुलीने काढली आणि शहा निवडून आले. पुष्कळ ठिकाणी चिठ्ठी काढायला लहान मूलच बोलावतात. म्हणजे आपल्याला मत नसलं तरी कधी कधी आपला हात लागतो.

सगळं झालं की अधिकारी निकाल वाचून दाखवतात आणि निवडून आलेल्याला प्रमाणपत्र देतात. त्यानंतरही तक्रार असेल तर १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. २०२१ ला मात्र गुलाल उधळूनही सरपंच कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या वेळी सरपंच सदस्यांमधून निवडायचा होता आणि आरक्षणाची सोडत मोजणीनंतर निघाली. २०२२ पासून लोक सरपंचाला पुन्हा थेट मत देतात, म्हणून आता सरपंचाचा आकडाही त्याच दिवशी कळतो.