ब्रेक्झिटचा हिशेब, चाकणमधून

२४ जून २०१६ च्या सकाळी, आपल्याकडे ऑफिसं उघडायच्या सुमारास, ब्रिटनमधला कौल स्पष्ट झाला: युरोपीय संघातून बाहेर पडायचं. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के. शेअर बाजार सुरू झाला तसा टाटा मोटर्सचा शेअर आपटला. टाटांनी २००८ साली फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर विकत घेतली होती, आणि तिचे मुख्य कारखाने ब्रिटनमध्ये असले तरी गिऱ्हाईक युरोपभर पसरलेलं होतं. पौंडही त्याच दिवशी गडगडला, हे मात्र निर्यात करणाऱ्या कंपनीच्या पथ्यावर पडणारं. तोटा त्या दिवसात नव्हताच. तो पुढच्या वर्षांत सावकाश, कागदांमधून येणार होता. कसा, ते नीट पाहू.

पुणेकरांना समजायला एक जुनी सोय आहे. २०१३ पर्यंत इथे जकात होती. महापालिकेची हद्द ओलांडली की नाका, पावती, तपासणी, रांग. जकातीच्या रकमेपेक्षा ट्रक अडकून पडायचा, त्याचं दुखणं मोठं असे. युरोपीय संघाच्या आत असे नाके नाहीत. बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचं शुल्क एक, आणि मालाचे नियम बहुतांशी एक. ब्रिटन कागदोपत्री ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला. प्रत्यक्ष व्यापारातली फारकत झाली त्या वर्षाच्या शेवटी.

दोघांत करार झाला आणि त्यात आयातशुल्क शून्य ठेवलं. मग बिघडलं काय? ते शून्य सगळ्या मालाला नाही. माल खरोखर ब्रिटनचा किंवा युरोपचा आहे, हे सिद्ध केलं तरच ते मिळतं.

मोटारीचंच घ्या. पेट्रोल किंवा डिझेल गाडीची कारखान्यातली किंमत १०० धरा. ब्रिटन आणि युरोपीय संघाबाहेरून आलेला माल तिच्यात ४५ पर्यंत चालतो. तो ४७ झाला की सवलत गेली, आणि युरोपचं १० टक्के शुल्क त्या वरच्या दोनावर नाही, अख्ख्या गाडीवर बसतं.

आता चाकण-भोसरी पट्ट्यात फोर्ज झालेला एखादा भाग इंग्लंडमधल्या कारखान्यात पोचला असं समजा. २०२० पर्यंत वेशीवर एकदा शुल्काचा व्यवहार मिटला की तो संघाच्या आत आला. पुढे तो ज्या गाडीत बसला ती फ्रान्सला जावो की स्पेनला, त्याचं मूळ गाव कोणी विचारत नसे. आज तो त्या ४५ च्या खात्यात जातो. शेजारीच बसवलेला जर्मन भाग मात्र घरचा मानला जातो. याला एक वाट आहे, नियमातच ठेवलेली. आपला भाग ब्रिटनमध्ये आधी इंजिनात बसला आणि त्या इंजिनानं स्वतःची अट पूर्ण केली, तर पुढे गाडीच्या हिशेबात अख्खं इंजिन ब्रिटिश धरतात. म्हणजे कोणता भाग कुठे जोडायचा हा निर्णय आता इंजिनिअरबरोबर कर-सल्लागारालाही विचारावा लागतो. हे सगळं दाखवायला पुरवठादारांकडून लेखी घोषणापत्रं गोळा करायची, जपून ठेवायची, तपासणीला हजर करायची. मोठी कंपनी त्यासाठी माणसं ठेवते. छोटे उद्योजक कधी कधी सवलतीचा नाद सोडून सरळ शुल्क भरतात, किंवा त्या बाजारात जातच नाहीत.

इलेक्ट्रिक गाडीत हा हिशेब आणखी अवघड, कारण सगळ्यांत महाग वस्तू बॅटरी, आणि ती बहुधा आशियातून येते. २०२४ पासून या गाड्यांची अट कडक होणार होती. दोन्हीकडचे कारखानदार ओरडले, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये ती तीन वर्षं पुढे ढकलली. त्याच वर्षी जुलैत टाटा समूहानं इंग्लंडमधल्या सॉमरसेटला ४ अब्ज पौंडांचा बॅटरी कारखाना जाहीर केला. सरकारी मदतीचा त्यात वाटा आहेच, पण या नियमाचाही आहे.

अनिश्चिततेचा खर्च वेगळा. बाहेर पडायची पहिली तारीख २९ मार्च २०१९ होती. बंदरांवर गोंधळ होईल म्हणून जग्वार लँड रोव्हरनं एप्रिलमध्ये आठवडाभर कारखाने बंद ठेवायचं ठरवलं. तारीख पुढे गेली. ठरलेला बंद मात्र तसाच पाळावा लागला.

शेतमालाकडे वळू. जुन्नर, नारायणगावची द्राक्षं रॉटरडॅमला उतरली आणि तिथं मोकळी झाली की पूर्वी ट्रकनं थेट इंग्लंडला जाऊ शकत. आता मध्ये दुसरी सीमा आहे. शिवाय कीटकनाशकांच्या अंशांची मर्यादा ब्रिटन २०२१ पासून स्वतः ठरवतो. सुरुवातीला दोन्ही याद्या सारख्याच होत्या, हळूहळू त्या वेगळ्या होत चालल्या. बागेत कोणतं औषध, काढणीच्या किती दिवस आधी मारायचं, हे बागायतदाराला दोन गिऱ्हाइकांच्या दोन याद्या बघून ठरवावं लागतं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या, हे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं काम त्यानं कमी झालेलं नाही, एवढं नक्की.

साखरेचं तर सरळ वाटणीपत्रच झालं. भारताला युरोपीय संघात वर्षाला १०,००० टन साखर सवलतीत पाठवायचा कोटा होता. ब्रिटन निघाला तेव्हा आधीच्या काही वर्षांत कोणाकडे किती माल गेला ते पाहून त्याचे तुकडे केले: ५,८४१ टन युरोपकडे, उरलेला ब्रिटनच्या वाट्याला. बेरीज तीच राहते, पण लवचीकपणा जातो. एकीकडे भाव पडला तर तिथला कोटा दुसरीकडे वळवता येत नाही.

एकूण नुकसान किती? ब्रिटनच्या सरकारी अर्थसंकल्पीय कार्यालयाचा अंदाज असा की ब्रिटन संघात राहिला असता तर, त्याच्या तुलनेत दीर्घकाळात देशाची उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. तुलना न घडलेल्या गोष्टीशी असल्यामुळे हा आकडा कोणाला पटतो, कोणाला नाही. शिवाय कोविड नेमका त्याच काळात आला. मला तो पटतो, कारण वर सांगितलेला प्रत्येक खर्च किरकोळ असला तरी रोजचा आहे.

मिळवलं काय, हेही मांडलं पाहिजे. बाहेर पडल्यामुळे ब्रिटन स्वतःच्या नावानं करार करू शकतो. २४ जुलै २०२५ ला भारताशी त्याचा मुक्त व्यापार करार झाला. त्यात ब्रिटिश मोटारींवरचं आपलं शंभर टक्क्यांवरचं शुल्क ठराविक संख्येपुरतं टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर येतं. इथंही मूळ गाव विचारलं जातंच. पुण्यातल्या शोरूममध्ये लँड रोव्हरची डिफेंडर दिसते, ती बनते स्लोव्हाकियातल्या नित्राला, म्हणजे युरोपीय संघात. टाटांच्याच ब्रिटिश कंपनीची गाडी असूनही या ब्रिटिश करारातली सवलत तिला लागू नाही.